परतीचं कापड

माझ्या मधल्या बहिणीच्या, टिलच्या, पेटीतून निघालेलं कापड आमचं नाही, हे मला बघताक्षणी कळलं होतं. तरी मी वर जाऊन माझं भिंग आणलं आणि धागे मोजले. आमच्या कापडात एका इंचात एक्केचाळीस उभे आणि अडतीस आडवे धागे, तेही कुठे जाड, कुठे बारीक. ते सूत तीन मुलींनी कातलं होतं आणि त्यांतली सर्वांत धाकटी, म्हणजे मी, तेव्हा सहा वर्षांची होते. टिलच्या कापडात दोन्हीकडे साठ. एकही धागा जाडबारीक नाही. ते गिरणीचं होतं.

"हे आपलं नाही," मी म्हणाले.

आकडा हाती आला की तो बोलून टाकायची मला सवय आहे. समोर कोण बसलंय हे मी पाहिलं नाही. समोर आमची थोरली बहीण हेडविग बसली होती.

आमच्या घरात मुलींना हुंड्यात द्यायला फारसं काही नसे. वडील वारसाने ड्यूक झाले तेव्हा पस्तिशीचे घोडदळातले कप्तान होते, आणि त्यांची डची म्हणजे एक खाडी, अकरा गावं आणि गळक्या छपराचं हे पिवळं घर. ममा म्हणायची, "परक्या राजांना देण्यासारख्या आपल्याकडे दोनच गोष्टी आहेत. मुलींचे दात आणि मुलींचे टाके. दोन्ही नीट ठेवा." म्हणून आम्ही तिघी पोटमाळ्यावरच्या एकाच खोलीत वाढलो. आपापली अंथरुणं घातली, एकमेकींचे मोजे रफू केले, हिवाळाभर जवसाच्या काडीचं सूत कातलं. रडण्याचाही नियम होता. राजकन्येने रडायचं ते तोंड धुताना, म्हणजे डोळे लाल का झाले असं कोणी विचारत नाही. खोलीतल्या तस्तात पाणी जरा जास्त वेळ वाजलं की बाकीच्या दोघी खिडकीबाहेर बघायच्या.

त्या सुताचं बारा हात कापड विणलं गेलं. या घराण्यात प्रत्येक आईसाठी असं एक कापड असतं. मुलगी लग्न होऊन परमुलखात निघाली की आई तिचा हिस्सा कापून, कडा शिवून तिच्याबरोबर देते. आई जायला टेकली की मुली आपापला हिस्सा परत आणतात, तुकडे जोडतात आणि आईला त्यात गुंडाळतात. युद्ध असो, बाळंतपण असो, मुलीला येता आलं नाही तर टपालाने कापड तरी येतं. आजीची एक मुलगी आली नव्हती, तिचं कापड आलं होतं. म्हणून त्याला परतीचं कापड म्हणतात.

हेडविगचे चार हात ऱ्हाइनकाठी गेले. मधल्या ओटिलिएचे, म्हणजे टिलचे, चार हात डॅन्यूबपलीकडे. तिकडे तिचा धर्म बदलला, नाव बदललं, पत्रांखाली ती 'येलेना' अशी सही करू लागली. ममा उत्तरात 'टिल' असंच लिहायची. माझं लग्न झालं नाही. माझे चार हात कापले गेलेच नाहीत. ते ममाच्या कपाटात राहिले आणि मी खाडीच्या पाण्याची पातळी व हवेचा दाब रोज तीनदा वहीत लिहीत या घरात राहिले.

ममाची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या पायांवर सूज चढली. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दहा दिवस. मी दोन तारा केल्या. हेडविग दुसऱ्या दिवशी पोचली, टिल पाचव्या. आणि ती आल्यावर पहिल्याच तासात मी धागे मोजून बसले.

"काय म्हणालीस?" हेडविगने हातातली सुई खाली ठेवली.

"माग चुकतेय," टिल म्हणाली. मागदालेने हे माझं नाव, घरात माग. "सोळा वर्षं धुतलंय ते. धुऊन धुऊन बारीक झालं."

"धुतल्याने धागे वाढतात होय? वा! मग माझ्या पडद्यांनाही सांग जरा." हेडविगने कापडाचं टोक दोन बोटांत धरलं. "आपलं कुठे गेलं?"

"हेडा, चार दिवस गाडीत होते. कॉफी तरी पिऊ दे."

"पी की. तिकडे सोन्याच्या कपातून पीत असशील, आज चिनीमातीतून पी. काय झालं? तुझ्या सासरच्या उंदरांनी रेशीम सोडून आमचं जाडंभरडं खाल्लं? की मोलकरणीला दिलंस, फरशी पुसायला?"

टिलने कापडाची घडी घातली. घडी नीट बसली नाही, तिने पुन्हा घातली.

आमची जुनी घरकारभारीण बिर्टे कॉफीचं तबक घेऊन दारात उभी होती. "भांडा, भांडा," ती म्हणाली. "सोळा वर्षांनी या घरात आवाज ऐकू आला. पण जरा हळू. बाईसाहेबांचे डोळे गेलेत, कान नाहीत."

ती गेल्यावर हेडविग आवाज खाली आणून म्हणाली, "ममाला काय सांगणार आहेस?"

"काही नाही. तिला कुठे दिसतंय?"

"म्हणजे आंधळ्या आईला फसवायचं. मी नाही त्यात. तू सांग, नाहीतर मी सांगते."

हेडविग दुष्ट नाही. ऱ्हाइनला पूर आला तेव्हा तिने दागिन्यांची पेटी खालच्या मजल्यावर सोडली होती आणि हे कापड छातीशी धरून जिना चढली होती. तिला ते खरंच लागलं होतं.

मी टिलच्या मागे पोटमाळ्यावर गेले. ती तस्तापाशी उभी होती, पाठमोरी. पाणी वाजत होतं. मी सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. खाडीवरचा बर्फ काठापासून सुटला होता.

"मोजून काय मिळालं तुला, माग?" तिने तोंड न पुसताच विचारलं.

"मला फक्त माहीत करून घ्यायचं होतं."

"झालं माहीत?"

मी भिंग खिशात टाकलं.

"तिला सांगू नका," टिल म्हणाली. "कापड हरवलं असतं तर मी सांगितलं असतं. दोन शिव्या खाल्ल्या असत्या. पण हे सांगितलं तर ती ते बरोबर घेऊन जाईल. मला तिने हलकं जायला हवंय."

काय सांगायचं नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात खालून काठीचे तीन ठोके आले. ममाला तिघी एकदम हव्या असल्या की ती तीन ठोके मारायची.

ती उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, हात पांघरुणावर. "तिन्ही हिस्से आणा," ती म्हणाली. "टाके घालायच्या आधी मला तपासायचेत. मेल्यावर चुका काढता येत नाहीत."

मी तिन्ही तिच्या मांडीवर ठेवले. तिने पहिलं उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. "हेडाचं. किती ताठ ठेवलंयस! खळ घातलीस?"

"थोडी."

"माणसांना श्वास घेऊ देत नाहीस, कापडाला काय देणार." तिने दुसरं उचललं. "हे माग, तुझं. यात गाठी आहेत. कातता कातता झोपायचीस तू. ही बघ एक. ही दुसरी."

मग तिसरं. तिची बोटं कडेवर गेली, थोडी पुढे सरकली आणि थांबली. परत मागे आली. तिने ते गालाला लावून पाहिलं.

टिल पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचे हात कठड्यावर पांढरे पडले होते. हेडविगने तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता संपलं.

"सोळा वर्षं धुतलंय ते, ममा," हेडविग म्हणाली. "धुऊन धुऊन बारीक झालंय."

ममाने मान तिच्याकडे वळवली. "हेडा, तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं. कशाला त्रास करून घेतेस?" मग तिने कापड मांडीवर ठेवलं. "टिल, आपलं कुठे आहे?"



"बागेत," टिल म्हणाली.

"कुठल्या बागेत?"

"तिकडच्या. राजवाड्याच्या. उत्तरेकडच्या भिंतीलगत." ती एकेक वाक्य मोजून ठेवल्यासारखं बोलत होती. "लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. मुलगी होती. सातव्या महिन्यात आली, श्वास घेतलाच नाही. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून धर्मगुरू म्हणाले, घराण्याच्या थडग्यांच्या तळघरात जागा नाही. सासूबाई म्हणाल्या, अशा मुलांच्या तारा करत नसतात. पत्रं त्या वाचायच्या. नंतर दोन मुलगे झाले, तेव्हा लिहून काय करायचं होतं? एक खोकं आणलं होतं, पाइनचं. आत काहीच घातलेलं नव्हतं. नुसतं लाकूड. मी इकडेतिकडे पाहिलं. माझं असं तिथे दुसरं काहीच नव्हतं, ममा. बाकी सगळं त्यांनी दिलेलं होतं."

"केवढी होती?"

टिलने दोन्ही हातांत अंतर धरून दाखवलं. मग तिच्या लक्षात आलं. ती पुढे आली, पलंगावर बसली आणि आपला हात ममाच्या हाताखाली धरून तिची बोटं कोपरापासून मनगटापर्यंत नेली. "एवढी."

"एवढ्याला चार हात कशाला? कापून घेतलंस?"

"नाही कापलं. गुंडाळत राहिले. संपेपर्यंत."

ममाने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "कडा शिवलेल्या होत्या ना?"

"तूच शिवल्या होत्यास."

"हो. मीच."

टिल उठली.

"कुठे निघालीस?"

"तोंड धुवून येते."

ममाने तिचं मनगट सोडलं नाही. "बस इथे. स्वच्छ आहे तुझं तोंड."

मी एकतीस वर्षांची आहे आणि माझ्या बहिणीला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती वाईट रडते, तोंड उघडं ठेवून, मध्येच खोकत. हेडविगने आधी खिडकीकडे पाहिलं. मग वळली, पलंगाला वळसा घालून गेली आणि टिलला मागून धरलं. "उंदरांनी खाल्लं म्हणाले मी," ती म्हणत राहिली. "उंदरांनी."

"बास," ममा थोड्या वेळाने म्हणाली. तिचेही गाल ओले होते, ते तिने पुसले नाहीत. "ते गिरणीचं बिर्टेला द्या, चांगलं आहे, टेबलावर घालेल. माग, तुझी कात्री आण. तुझ्या हिश्श्यातला एक हात काप."

"तुला कमी पडेल."

"मी आक्रसलेय. सात हातांत मावेन. तो एक हात कडा शिवून घे, आणि टिलबरोबर जा. भिंतीलगत नेमकी कुठे आहे ते बघ. आपल्या घरचं कोणीच गेलेलं नाही तिच्याकडे."

"माझ्या नोंदी आहेत, ममा. रोज तीनदा—"

"खाडी कुठे पळून जात नाही. इतकी वर्षं मोजतेयस, अजून तिथेच आहे."

मी मोजपट्टी लावली. लिनन सरळ कापायचं तर आधी त्यातला एक आडवा धागा ओढून काढतात. तो निघतो तिथे एक बारीक वाट दिसते आणि कात्री तिच्यावरून चालवायची असते. मी टोकाचा धागा सुईने उचलला आणि ओढू लागले. जाडबारीक सूत असल्यामुळे तो दोनदा तुटला. दोन्ही वेळा मी त्याचं टोक पुन्हा शोधलं. ममा ऐकत होती. कात्री चालली तेव्हा तिने विचारलं, "सरळ आलं का?"

"जवळजवळ."

"चालेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटीच्या वेळी, ममा गेली. आम्ही हेडविगचे चार आणि माझे तीन हात जोडून शिवले. तिचा अंदाज चुकला होता, एका टोकाला पाय वीतभर उघडे राहिले. हेडविगने तिला तिचेच लोकरीचे मोजे घातले, टाचांना रफू केलेले. डाव्या टाचेचं रफू टिलचं होतं, हे आम्ही तिघींनीही ओळखलं.

मी निघाले त्या सकाळी हेडविग वायुभारमापकासमोर चष्मा लावून उभी होती. महिनाभर राहायचं तिने स्वतःच ठरवलं होतं.

"तीनदा म्हणजे कधी कधी?"

"सात, दोन आणि नऊ."

"आणि काटा दोन रेघांच्या मध्ये असला तर?"

"असेल तसं लिही," मी म्हणाले. "आपल्या मनाने जवळची रेघ धरू नकोस."

खाली टिल गाडीत बसली होती. त्या हातभर कापडाची घडी तिने मांडीवर धरली होती. मी चढल्यावर तिने ती माझ्याकडे दिली आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथली कड शिवायची राहून गेली होती. मी पिशवीतून सुई काढली.