खिडकीतली रोपं

"पोरी, घरात वाढलेली रोपं एकदम उन्हात नको नेऊस, माना टाकतील," तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले होते. मी "बरं" म्हटलं आणि सोडून दिलं. बाळ झाल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. इमारतीच्या बागेसाठी माझ्या वाट्याला आलेली टोमॅटोची रोपं मी खिडकीत वाढवली होती. ती थेट नेऊन वाफ्यात लावली. संध्याकाळपर्यंत सगळी पांढरी पडून आडवी झाली. मला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका नवी रोपं घेऊन दारात उभे. "यांना रोज थोडा वेळ खाली आणायचं, मग परत घरात. बाळराजांनाही आण."

"त्याला ऊन लागेल."

"मग सावलीत बस. मी काय तव्यावर बसवतोय?"

पहिल्या दिवशी मी रोपं ठेवली आणि लगेच वर पळाले. मग रोज थोडा जास्त वेळ थांबू लागले, बाळालाही सोबत नेऊ लागले. आता रोपं वाफ्यात रुजलीत, आणि मी आणि बाळ त्यांच्याशेजारी बसतो. अजून फार काही वाटत नाही, पण बाळ हसलं की ते मला दिसतं.

तुमच्याही इमारतीत एखादी नवी आई असेल, जिच्या खिडकीचा पडदा सरकत नाही. आज तिची बेल वाजवा.