हं, घ्या आता

"मॅडम, श्वास! अहो, श्वास घ्या!"

नाच शिकवणारी टोपीवाली ओरडली, गाणं थांबलं आणि सगळा वर्ग खिदळला. सून मधल्या रांगेत उभी होती, एक हात वर, एक गुडघा वाकवलेला, तोंड लालबुंद. जणू कुणी खुंटीला टांगून विसरून गेलंय. टोपीवालीनं जवळ येऊन खांद्याला हात लावला तेव्हा कुठं तिनं भस्सकन श्वास सोडला.

"मी फ्रीज म्हटलं की हातपाय थांबवायचे. नाक चालू ठेवायचं."

"हो," सून म्हणाली. "लक्षात ठेवते."

भिंतीकडेच्या बाकावर, बुटांच्या ढिगाशेजारी बसलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. जन्माला आल्यावर माणसाला शिकवावी न लागणारी एकच गोष्ट, आणि तीही हिला शिकवायची पाळी आली!

या सगळ्यात सासूबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. सून इस्पितळात फोटो काढायची. माणसाच्या आतले फोटो, एक्स-रे. लग्न होऊन आली तेव्हापासून तेच काम, तीच खोली. मशीन रुसलं तर कुठं चापट मारायची हेसुद्धा तिलाच ठाऊक. आता वरून नियम आला होता की खोलीचा कारभार पदवीवाल्याकडेच राहील. पदवी नसेल त्यानं तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत जायचं आणि जुन्या पाकिटांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. सुनेनं आदळआपट केली नाही. इस्पितळाच्याच आवारातल्या कॉलेजात नाव घातलं, ड्यूटी करून वर्गात बसली, लेकीच्या वयाच्या पोरींबरोबर पेपर लिहिले आणि पास झाली. राहिला एकच विषय. कॉलेजात प्रत्येकाला अभ्यासाखेरीज एक कला शिकावी लागे, तिच्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. सून नाव घालायला पोचली तोवर चित्रकला भरली होती, गाणं भरलं होतं, बागकामसुद्धा भरलं होतं. उरला होता तो हिपहॉप.

"हिप काय?" सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"हॉप."

"म्हणजे गं काय?"

"नाच असतो एक."

"या वयात? माझ्या घरातली बाई पोराटोरांत नाचणार?"

"रेकॉर्डच्या खोलीला खिडकी नाही, आई," सून म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

सुनेशी भांडण्यात हीच पंचाईत होती. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान टेंगूळ तरी येतं.

सासूबाईंच्या गुडघ्याची शेकशेगडी त्याच इस्पितळात, त्याच संध्याकाळी असे. घरी जायचं ते दोघींनी एकाच बसनं. म्हणून वर्ग संपेपर्यंत सासूबाई या बाकावर ठेवलेल्या असत, बोचक्यासारख्या. बोचक्याला तोंड नसतं, एवढाच फरक.

पहिल्या दिवशीच त्यांनी टोपीवालीला विचारलं होतं, "बाई, हे नाचणं आहे का भांडण? माझ्या माहेरी नळावर बायका अशाच हातवारे करायच्या."

टोपीवाली वयानं लहान, उलटी टोपी, पँटीत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. रागावली नाही. "आजी, भांडणच आहे. फक्त मारायचं नाही."

हे उत्तर सासूबाईंना आवडलं, पण तसं दाखवलं तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी नाक मुरडलं आणि बारीक नजरेनं पाहू लागल्या. गुडघे सैल सोडून जमिनीला धक्के दिल्यासारखं वरखाली व्हायचं, त्याला बाउन्स म्हणायचं. मग खांदे वेगळे हलवायचे, छाती वेगळी, कंबर वेगळी. सगळं शरीर जणू भाडेकरूंना वाटून दिलंय. आणि मधेच टोपीवाली "फ्रीज" म्हणाली की असेल तिथं, असेल तसं पुतळा व्हायचं.

सुनेचं बाकीचं बरं चाललं होतं. बाउन्स करताना पहिल्यांदा पिठाचं पोतं आपटल्यासारखी वाटायची, हळूहळू पोत्यातलं पीठ कमी झालं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती, कारण फरशी आरशासारखी सपाट. पण फ्रीज म्हटलं की हिचा श्वास बंद. दर वेळी. पोरी हसायच्या आणि सासूबाईंना ते लागायचं. सुनेला त्यांनी स्वतः कितीही बोलावं, दुसऱ्यानं हसायचं काय कारण?

तरी मनात अढी होतीच. ती नाचाची नव्हती, जुनी होती.

मुलगा खोकत होता तेव्हाची गोष्ट. सासूबाईंचा एकुलता एक, म्हणजे सुनेचा नवरा. सुनेनंच त्याला इस्पितळात नेलं, तिनंच फोटो काढला. दोघं घरी आले तेव्हा मुलगा दारातूनच हसत होता.

"आई, तुझी सून आज मला मारणारच होती! समोरून फोटो काढला तोवर ठीक. मग बाजूला वळवलं, श्वास रोखा म्हणाली, आणि घ्या म्हणायलाच विसरली! मी आपला हात वर करून उभा. शेवटी मीच ओरडलो, अगं, घेऊ का?"

सासूबाई पोट धरून हसल्या. मग सुनेला विचारलं, "काय दिसलं गं फोटोत?"

"डॉक्टर सांगतील," सून म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं. त्यानंतरही मुलाचा विनोद घरात चालू राहिला. ताट वाढलं की "घेऊ का?", औषधाचा चमचा पुढं केला की "घेऊ का?" पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, आणि घरात विचारणारं कुणी उरलं नाही.

सासूबाईंना राहून राहून एकच आठवे. हिला त्याच दिवशी दिसलं होतं. माझ्या पोटच्या गोळ्याचं मरण हिनं माझ्याआधी पाहिलं आणि माझ्याच समोर बसून कांदा चिरला. ताकास तूर लागू दिली नाही. कांदा चिरताना निदान कांद्यासाठी तरी रडावं माणसानं, तेही नाही. बाई आहे का दगड? हे त्या तोंडानं कधी बोलल्या नाहीत. बाकी सगळं बोलल्या.

परीक्षा जवळ आली तशी टोपीवालीनं शेवटचा फ्रीज लांबवला. नाच संपला की सगळ्यांनी पुतळा होऊन उभं राहायचं, बाहेरून आलेले परीक्षक मार्क लिहून मान वर करेपर्यंत. जो हलेल त्याचे मार्क जातील. त्याच संध्याकाळी सराव करताना सून फ्रीजमध्ये उभी राहिली आणि उभ्याची आडवी झाली.

पोरी धावल्या. सासूबाई गुडघा विसरून बाकावरून उठल्या, पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ गेल्या. टोपीवालीनं सुनेला भिंतीला टेकवून बसवलं.

"मॅडम, हे काय आहे? तुम्हाला भीती वाटते का?"

"भीती नाही, सवय आहे." सून पदरानं तोंड पुसत म्हणाली. "पेशंटला मी श्वास रोखायला सांगते ना, तेव्हा मीपण रोखते. मला जड झालं की त्यालाही झालं असणार, मग म्हणते, हं, घ्या आता. घड्याळापेक्षा हे बरं. म्हाताऱ्यांना, पोरांना उगाच ताटकळावं लागत नाही."

"आणि सांगायला विसरलात तर?"

"कशी विसरेन? मीच गुदमरेन ना."

टोपीवाली हसली. सूनही हसली. सासूबाईंच्या हातातला पेला मात्र तिथंच राहिला, ना पुढं ना मागं.

एकदा विसरली होती.

मुलगा हात वर करून उभा होता तेवढा सगळा वेळ. समोरून काढलेला फोटो पडद्यावर आला असेल, हिनं तो पाहिला असेल. आणि "घेऊ का?" असं तो ओरडेपर्यंत काचेच्या मागं हीसुद्धा तशीच श्वास रोखून उभी असेल.

"आई, पाणी देताय ना?" सुनेनं विचारलं.

"धर. पी. आणि सावकाश पी, कुणी पळवून नेत नाही."

त्या दिवशी बसमध्ये खिडकीची जागा सासूबाईंनी सुनेला दिली. सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? मला वारा बाधतो," सासूबाई म्हणाल्या. आजवर कधी बाधला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरात सराव सुरू झाला. सून कपाटाच्या आरशासमोर नाचायची, सासूबाई खुर्चीत बसून "हं, थांब!" म्हणायच्या. ती थांबायची. थोड्या वेळानं सासूबाई म्हणायच्या, "हं, घ्या आता." काम तिचं, तेव्हा शब्दही तिचेच. तेवढं ऐकलं की ती श्वास घ्यायची, छान, हातपाय न हलवता. पण सासूबाई मुद्दाम गप्प बसल्या की ही घ्यायची नाही. लाल व्हायची, डोळे मोठे करायची, पण घ्यायची नाही.

"अगं, मी मेले तर काय करशील?"

"तुम्ही कुठं मरताय!"

"तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पोरींचे आईबाप आले होते. दारावर कागद होता आणि टोपीवालीनं तोंडानंही सांगितलं, मधे कुणी बोलायचं नाही, टाळी शेवटी. परीक्षक पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ. सासूबाई आपला बाक सोडून पहिल्या रांगेत बसल्या. कुणी उठवायची हिंमत केली नाही.

गाणं सुरू झालं. सून मधल्या रांगेत, काळी पँट आणि मुलाचा जुना ढगळ सदरा. हा सदरा तिनं कुठं जपून ठेवला होता, सासूबाईंना ठाऊक नव्हतं. बाउन्स चांगला झाला. खांदे चांगले झाले. छाती पुढं-मागं नेताना एक पोरगी चुकली, सून चुकली नाही. तिचं तोंड कामावर असतं तसंच होतं, ना हसू ना आठी. पण गुडघे मजेत होते. ते सासूबाईंना दिसलं. गुडघ्यातलं त्यांना कळायचं.

गाणं थांबलं. सगळे पुतळे झाले. सुनेचा एक हात वर.

परीक्षकांनी मान खाली घातली आणि लिहू लागले. काय ते लिहिणं! आधी एक ओळ, मग चष्मा पुसला, मग दुसरी ओळ. पहिली रांग डोळ्यांच्या पापण्या मिटत होती, उघडत होती. मागची पोरगी नाकानं हळूच श्वास घेत होती. सुनेच्या सदऱ्याची चुणीसुद्धा हलत नव्हती.

सासूबाईंनी टोपीवालीकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. बोललं तर मार्क जाणार, मार्क गेले तर पदवी गेली, मग ती बिनखिडकीची खोली. नाही बोललं तर ही पडणार. सुनेचा चेहरा लाल होऊन आता जांभळा व्हायला लागला होता, आणि डोळे समोर कुठंतरी लागले होते, पडद्यावर लागावेत तसे.

सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या.

"हं, घ्या आता!"

असा आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत काढला नव्हता. परीक्षक दचकले, त्यांचं पेन खाली पडलं. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि सुनेची छाती भात्यासारखी वर आली. खांदा हलला, वर केलेला हात थोडा खाली आला. पण ती पडली नाही. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. कारण फ्रीज अजून चालू होता.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. सून काठावर पास.

"आजी, तुमच्यामुळे मॅडमचे मार्क गेले हं," टोपीवाली म्हणाली.

"मार्कच गेले ना?" सासूबाई म्हणाल्या. "जाऊ देत."

पदवीचा कागद सुनेनं साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन मशीन पुसायला घेतलं. खोली तिच्याकडेच राहिली.

पावसाळा सरल्यावर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी छातीचा फोटो हवा होता, समोरून आणि बाजूनं. इतकी वर्षं सुनेचं काम ऐकून माहीत, पण त्या खोलीत सासूबाई पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. खोली थंड होती. खिडकी होती, लहानशी, पण होती.

"इथं छाती टेकवा, आई. हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या, रोखा. हलू नका." सून काचेमागं गेली. "हं, घ्या आता."

मग तिनं सासूबाईंना बाजूला वळवलं, दोन्ही हात डोक्यावर धरायला लावले. तिची बोटं खोलीपेक्षा गार लागली.

"श्वास रोखा. हलू नका."

सासूबाईंनी रोखला. समोर नुसती पांढरी भिंत. काचेमागं आता पडद्यावर समोरून काढलेला फोटो आला असेल. सून बघत असेल. सासूबाई कान देऊन उभ्या राहिल्या. कीर्तनालाही कधी इतका कान दिला नव्हता.

"हं, घ्या आता."

वेळेवर. अगदी वेळेवर.

सासूबाईंनी श्वास घेतला, हात खाली केले, पदर सारखा केला. सून काचेमागून बाहेर आली आणि त्यांची काठी पुढं केली.

"काय दिसलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"सांगू देत त्यांना सावकाश," काठी हातात घेत सासूबाई म्हणाल्या. "मला कळलं."