फुलवंताबाईचं माहेर

वंशावळ छापायला जाण्याआधी ती त्या-त्या घरी नेऊन वाचून दाखवायची, हे काम तिरोड्याच्या वंशावळ मंडळाने केवलराम बोपचे यांच्याकडे दिलं होतं. एकतीस वर्षं पोस्टमन म्हणून सायकल हाणलेल्या माणसाला आसपासची गावं नवी नव्हती, आणि त्यांच्या हातून कागद घ्यायची लोकांनाही सवय होती. मंडळ सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात चाळीसेक घराण्यांच्या वंशावळी तयार झाल्या. जुन्या भाटांच्या पोथ्या, सातबारा, शाळेचे दाखले, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जे मिळेल ते गोळा करून मंडळी नावं जुळवत. घरातल्या मुलांची नावं लिहायची, सुनांची माहेरासकट लिहायची आणि मुलींची लिहायची नाहीत, असा मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम होता. मुलगी जिथं जाईल तिथं लिहिली जाईल, असं त्यामागचं कारण.

पौष महिन्यातल्या एका सकाळी केवलराम चोरखमाऱ्याजवळच्या रहांगडाल्यांच्या अंगणात खाटेवर बसून वाचत होते. समोर घरमालकीण फुलवंताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. वय सहासष्ट, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा उमेंद्र शेतावर निघायच्या घाईत उभ्यानेच ऐकत होता.

"मनोहर रहांगडाले. पत्नी फुलवंता, माहेर पटले, राहणार तिरोडा."

"खोडा ते," फुलवंताबाई म्हणाल्या.

"काऊन? चुकलं का काही?"

"पटले मले पोसणारे होते. माहा जन्म दुसऱ्या घरचा हाय. छापूनच राहिले तं खरं छापा."

उमेंद्रने चप्पल पुन्हा काढली. आई तिरोड्याच्या स्टेशनावर सापडलेली पोर होती, हे त्याने लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. घरात मात्र हा विषय कधी निघाला नव्हता. फुलवंताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि साठ वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं.

ती पाचेक वर्षांची असेल. आईबाप आणि बरेच लोक धानाच्या कापणीला आले होते आणि काम संपवून गावी परत निघाले होते. मोठं स्टेशन, गर्दी; ते गोंदिया असावं, असं पटले म्हणत. ती एका डब्यात चढली आणि गाडी सुटली. डब्यात ओळखीचं कुणीच नव्हतं. तिरोड्याला कुणीतरी तिला खाली उतरवलं. स्टेशनासमोर चहाचं दुकान चालवणाऱ्या पटल्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला घरी नेलं.

"मी एर, एर म्हणून रडत होती. कोनालेच समजे ना. मंग पटल्याच्या बायकोनं पान्याचा गिलास पुढं केला, अना मी तो एका दमात पिली. तवा त्याहीले समजलं."

"एर म्हणजे पानी. गोंडीत," केवलराम म्हणाले. सालेकसा तालुक्यात त्यांनी तीन वर्षं टपाल वाटलं होतं.

"असल. माही बोली तं गेली. नाव तेवढं राहिलं. आडनाव सांगता आलं नाही."

"आनखी काही याद येते का? गाव, नदी?"

फुलवंताबाईंनी जरा आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "बाप मासे धरायले जाये. एक डाव जाळ्यात कासव आलं. बापानं त्याले हात जोडले अना पान्यात सोडून देल्लं. मी खायले मांगतलं तं आईनं माह्या तोंडावर हात ठेवला. एवढंच."

केवलरामांनी कागदावरचं 'पटले' खोडलं नाही. त्याच्यापुढे 'पालक' असं लिहिलं आणि खाली एक ओळ कोरी सोडली.

मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रश्मी ठाकरेच्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत भरे. रश्मी मंडळाची सचिव होती. नावं कॉम्प्युटरवर चढवणं आणि तिमाही पत्रक काढणं तिच्याकडे होतं. केवलरामांनी विषय मांडला. माघ पौर्णिमेला दरेकशाजवळच्या कचारगडच्या यात्रेत चार राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात. तिथं मंडळाचं टेबल लावू आणि विचारू.

कापडाचे व्यापारी मुन्नालाल हसले. "केवलरामजी, लाखो की भीड़ में किसको पूछोगे? अन् त्या लोकायच्या पोथ्या नाहीत, कागद नाहीत. साठ वर्सांची गोष्ट कोन सांगल?"

"कागद नाहीत म्हणून याद नाही, असं थोडीच असते," रश्मी म्हणाली. "आपल्या पत्रकावर 'तिरोडा आणि परिसर' लिहिलं आहे ना? मग दरेकसा परिसरात येतं की नाही?"

मुन्नालालांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. ठराव झाला.

यात्रेच्या दिवशी तिघं पॅसेंजरने निघाले. केवलराम, रश्मी आणि फुलवंताबाई. गोंदियाला गाडी थांबली तेव्हा फुलवंताबाईंनी रश्मीचा हात घट्ट धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. दरेकशाचं छोटं स्टेशन पिवळ्या गमछ्यांनी भरून गेलं होतं. डोंगराच्या वाटेवर ढोल वाजत होते, लोक एकमेकांना 'जय सेवा' म्हणत होते. एका साजाच्या झाडाखाली त्यांनी टेबल मांडलं आणि रश्मीने फळा टेकवला. 'साठ वर्षांपूर्वी गोंदिया स्टेशनावर हरवलेली मुलगी. नाव फुलवंता. तिच्या घरच्यांना शोधत आहोत.'

पहिला दिवस वाया गेला. लोक थांबत, फळा वाचत, फुलवंताबाईंकडे बघत आणि पुढे जात. छत्तीसगडच्या एका बाईने त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. मुक्कामाच्या शाळेत फुलवंताबाई म्हणाल्या, "उद्या नोको बसू. लोक मले जत्रेतल्या वस्तूसारखे पाहून राहिले."

"मावशी, एकच दिवस," रश्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुजारी फळ्यापाशी थांबला. केवलरामांनी त्याला कासवाची गोष्ट सांगितली. तो टेबलापुढे उकिडवा बसला.

"कासवाले हात जोडते म्हंता? मंग कुळाचं मान्य असल. ज्या कुळाचं जे मान्य, ते मारत नाही, खात नाही. इकडं नेतामाईत कासव मानतेत. हरपलेली पोरगी..." त्याने मागे वळून कुणाला तरी गोंडीत हाक मारली. दोन माणसं गर्दीत शिरली.

दुपार कलताना ती माणसं एका साठीच्या आसपासच्या माणसाला घेऊन आली. अंगात वनखात्याच्या मजुरांचा खाकी शर्ट, खांद्यावर पिवळा गमछा. त्याने फळा वाचला नाही. सरळ फुलवंताबाईंपुढे उभा राहिला.

"मी मनीराम नेताम. इथून दोन कोसावर आमच्या वस्तीचा टोला हाय. तुमी कोन म्हंता आपल्याले?"

"मले मालूम असतं तं मी इथं बसली असती का?" फुलवंताबाई म्हणाल्या.

मनीराम ओठातल्या ओठात हसला. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. आधी गोंडीत, मग सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत. आज्याचा आजा, त्याची पोरं, त्याच्या पोरी, कुणी कुठं गेलं, कोण कोणत्या गावी दिली. रश्मीचा पेन धावत होता. मनीराम बापाच्या पिढीवर आला.

"सुकालूची पहिली फुलवंता. गोंदियाच्या टेसनातून रेलगाडीनं नेली. दुसरा मनीराम. तिसरी जानकी, डोंगरगडाले देल्ली."

रश्मीचा पेन थांबला. केवलरामांनी चष्मा काढून हातात धरला.

"हे तुमी कवापासून म्हंता?" त्यांनी विचारलं.

"दरसाल. देवाच्या पुजेत समद्याईचं नाव घेतो. जिवंत असो का मेलेला, पोरगा असो का पोरगी. बाप म्हने, इचं नाव सोडाचं नाही, मेली असं आपन पायलं नाही. तो छोट्या रुळाच्या लाइनीवर बालाघाटपावतर टेसन-टेसन हिंडला. कोनीतरी सांगतलं होतं का पोरगी त्या गाडीत चढली म्हनून."

"मी तं इकडं होती," फुलवंताबाई म्हणाल्या. "तिरोड्याले. दोन-अडीच तासाच्या वाटेवर."

मनीराम खाली बसला, त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "बाई, घरी चाल. आत्या हाय."

आईबाप दोघंही गेले होते. बाप जाऊन तीस वर्षं झाली, आई जाऊन अकरा. वाटेत जीपमध्ये मनीरामने हे सांगितलं तेव्हा फुलवंताबाईंनी फक्त मान हलवली. साठ वर्षांत त्यांनी हे मनाशी कितीदा तरी गृहीत धरलं होतं, तरी आता ऐकताना पदर डोळ्यांशी गेला.

आत्याचं नाव शामकला. सुकालूची धाकटी बहीण, वय त्र्याहत्तर. फुलवंता हरवली तेव्हा ती तेरा वर्षांचीही नव्हती, आणि पोरीचा हात तिच्या हातात दिलेला होता. लग्न करून ती जवळच्याच गावात गेली, नवरा गेल्यावर भावाकडे परतली. त्या दिवसाबद्दल ती कुणाशी बोलत नसे. घरातल्यांनी तिला कधी बोल लावला नव्हता, पण तिनेच स्वतःला कधी सोडलं नव्हतं.

ती ओट्यावर बसली होती. मनीरामने सांगितलं तरी ती उठली नाही. समोर आलेल्या रुंद काठाच्या लुगड्यातल्या बाईला तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मागंबी एक आली होती," ती रुक्षपणे म्हणाली. "मी फुलवंता म्हने. खोटी होती. तू सांग, माहा हात कसा सुटला?"

मनीरामची बायको दारातच थांबली.

फुलवंताबाई ओट्याच्या पायरीवर टेकल्या. "सुटला नाही. मीच झटकून देल्ला. एक मानूस भिरभिरे इकत होता. लाल कागदाचे. तो डब्यात चढला, त्याच्या मागं मी चढली. तू गर्दीत पाठीमागून फुलो, फुलो करत होतीस, मी तुले दिसत नोहती. मी आयकलं, पन मी नाही उतरली. मले ते भिरभिरं पाह्यजे होतं."

"भिरभिऱ्याचं मी कोनालेच सांगतलं नोहतं," शामकला म्हणाली. "दादा इचारे, हात काऊन सोडला? मी म्हनो, सुटला. तू झटकला म्हनलं असतं तं हरपलेल्या पोरीवर आळ घेतल्यावानी झालं असतं."

"तुहा काही गुन्हा नोहता, आत्या."

"आता म्हंतेस," शामकला म्हणाली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. फुलवंताबाई वर सरकल्या. दोघी एकमेकींना धरून किती तरी वेळ बसल्या. शेवटी शामकलानेच डोळे पुसले आणि सुनेला गोंडीत ओरडून काहीतरी सांगितलं. त्यातला एक शब्द फुलवंताबाईंना समजला. एर. पाणी आणायला सांगितलं होतं.

फाल्गुनातल्या बैठकीला खोली पुरली नाही. बातमी गावभर झाली होती. बायकाही आल्या होत्या, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. रश्मीने मनीरामने सांगितलेली नेतामांची वंशावळ वाचून दाखवली. सात पिढ्या आणि प्रत्येक पिढीतल्या मुलींची नावं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आपण पटल्यांची, ठाकऱ्यांची, बोपच्यांची वंशावळ केली. माझ्या आजोबांना तीन बहिणी होत्या. त्यांची नावं आज माझ्या घरात कुणालाच सांगता येत नाहीत. मनीरामभाऊंनी बहिणीचं नाव सोडलं असतं, तर फुलवंतामावशी आजही तिथंच झाडाखाली बसलेल्या असत्या."

केवलरामांना वाटलं, आता मुन्नालाल काहीतरी बोलणार. मुन्नालाल बोललेच.

"मेरी भी एक बहन थी. दीड सालची होऊन गेली. मां उसका नाम लेती थी, आम्ही कवा घेतलं नाही." ते रश्मीकडे वळले. "रश्मी, तुमी लिखो. मुलींची नावं लिहाची. जितक्या छापल्या तितक्या वंशावळी पुन्हा करू."

"चाळीस घराणी आहेत, मुन्नालालजी," केवलराम म्हणाले.

"मग? तुमची सायकल हाय ना अजून?"

खोली हसली. ठराव एकमताने झाला. त्याच आठवड्यात केवलराम पहिल्या घरी गेले. तिथल्या म्हातारीने पहिल्यांदा नणंदांची नावं सांगितली, मग सासूच्या नणंदांची, मग चहा पाजून स्वतःच्या मावश्यांचीही सांगितली. एका घरात पूर्ण दुपार गेली. केवलरामांनी वही पुरेना म्हणून दुसरी घेतली. पत्रकाच्या नव्या अंकात रश्मीने एवढंच छापलं: यापुढे वंशावळ वाचून दाखवताना घरातल्या बायकांनी हजर राहावं, पुरुष नसले तरी चालेल.

रहांगडाल्यांच्या वंशावळीत कोऱ्या सोडलेल्या ओळीवर आता 'जन्म नेताम, दरेकसा' असं आलं. पटल्यांचं नाव त्याच्या शेजारी तसंच राहिलं. ते खोडायचं का, असं उमेंद्रने विचारलं होतं. फुलवंताबाई म्हणाल्या, ज्यानं पानी पाजलं त्याले कोनी खोडते का?

चैत्रात मोहाची फुलं पडू लागली तेव्हा त्या दरेकशाला गेल्या. चार दिवसांचं सांगून गेल्या होत्या. पहाटे मनीरामच्या बायकोबरोबर टोपली घेऊन रानात जायच्या, कंबर धरून वाकायच्या, आणि भावजय भरभर वेचत पुढे गेली की तिला शिव्या द्यायच्या. दुपारी शामकला त्यांना गोंडी शिकवायची. एका वस्तूचं नाव तीनदा सांगूनही चुकलं की शामकला कपाळावर हात मारायची.

अकराव्या दिवशी उमेंद्रचा फोन आला. शेतात बोअरची मोटर बिघडली होती, नात आजीला विचारत होती, घरात लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडल्या होत्या.

"आई, कवा येतेस?"

फुलवंताबाई अंगणात वाळत घातलेली फुलं हाताने पसरत होत्या. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून त्या म्हणाल्या, "आत्ताच तं आली रे. येवढ्यात कायले बोलावून राहिला?"