नीलकंठाचा डोळा

सिंदीच्या मोतीलालजींचं कापसाचं जिनिंग मोठं, हौस त्याहून मोठी. शिकारबंदी यायच्या आधी त्यांनी दीडशे पक्षी मारले आणि आत कापूस भरून कपाटात निजवले. गोळी शेठजींची, नाव शेठजींचं. कातडी सोलायचा, कापूस भरायचा आणि चिठ्ठ्या लिहायचा तो लहानू. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच, राबणारे हात दुसऱ्याचे असले म्हणजे.

१९९८ साली शेठजींना या पक्ष्यांची चित्रं छापायची लहर आली. चित्रं काढायला त्यांनी लहानूच्या मुलीला, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मेघाला बोलावलं. तिने एकच अट घातली, प्रत्येक चित्राखाली माझ्या वडिलांचं नाव छापा. शेठजी चक्क हो म्हणाले.

अडचण आली ती डोळ्यांची. भरलेल्या पक्ष्याच्या खोबणीत नुसता कापूस असतो. रंग लिहिलेल्या चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. आणि शेठजींचा हट्ट असा की डोळा त्याच पक्ष्याचा हवा, अंदाजाने रंगवलेला चालणार नाही. लहानूची नजर काचबिंदूने गेली होती, पण रंग सगळे पाठ होते. तो पक्ष्यावरून बोटं फिरवायचा आणि सांगायचा, "भारद्वाज. डोया लाल, पयसाच्या फुलावानी."

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्याने विचारलं, "मेघा, पयस कोन्या रंगाचा फुलते वं?"

पळसाचा रंग विसरले, वय झालं, असं तिने मनाला समजावलं. मग त्याने पिंगळ्याचा पिवळा सांगितला, आणि आठवड्याभरात हळद म्हणजे काय हेच त्याला सांगावं लागलं. मेघाच्या लक्षात आलं. सांगितलेला रंग परत येत नव्हता, आणि जाताना त्या रंगाचं जे काही असेल ते सोबत नेत होता.

"राहू द्या, बाबा. नका सांगू आता."

"काऊन? माह्यं नाव छापून राह्यले ना ते?"

जन्मभर कोणी नाव विचारलं नव्हतं, त्या माणसाला नावाची गोडी लागली होती. ती मेघानेच लावली होती.

शेवटी एक नीलकंठ राहिला. लहानूची बोटं त्याच्या डोक्यावर थांबली. "हा डोया कसा इसरीन? तुह्या मायचाच. तुहाबी तोच."

मेघाने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "समजलं मले. मी भरतो बरोबर."

तिने डोळा भरला, ब्रश धुतला, रंगांचा डबा बंद केला. आता वाचलो, असं तिला वाटलं. पण लहानू जागचा हलला नाही.

"कोन्ता भरला?"

"बरोबर भरला, बाबा. चला घरी."

"चुकला तर? नाव माह्यं हाय खाली." आणि तिचा हात पोचायच्या आत तो बोलून गेला, "तपकिरी पायजे. काठाले थोडा मध."

मेघा रडू लागली. लहानू समाधानाने हसला. मग आवाजाच्या दिशेने वळून त्याने अदबीने हात जोडले.

"बाई, तुम्ही कोनाच्या? लय वेळच्या बसून राह्यल्या."