मेलेल्यांचं पथ्य

लुआंग फो इंता यांच्या डाव्या अंगठ्याखालची जखम महिना झाला तरी भरेना. तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून पाहिली, मग तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. आकडा होता अकरा पूर्णांक चार.

"औषध वाढवते, पाय रोज धुऊन बांधायचा, चालणं बंद," त्या म्हणाल्या. "पण वर्षावासाचे, पावसाळ्याचे हे तीन महिने संपेपर्यंत साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल. तिथंच थांबलं तर नशीब समजा."

विहाराचे हे थोरले भिक्खू, गावाचे 'लुआंग फो' म्हणजे थोरले बाबा, नुसते हसले. चाळीस वर्षं रोज पहाटे गावातून भिक्षेला हिंडलेला माणूस! सोबत गेलेल्या विलाईनं मात्र तो आकडा वहीत उतरवून घेतला. ती गावची आरोग्यसेविका. वय अठ्ठावन्न, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंड असं की तिला दारात पाहून बायका माशाच्या खारट पाण्याची बाटली पाठीआड करत. बाईमाणसानं भिक्खूंना शिवायचं नाही, म्हणून साखर मोजायचं यंत्र ती फडक्यावर ठेवून मागं सरे आणि विहारातले दुसरे म्हातारे भिक्खू त्यांचं बोट टोचत.

गावात परतल्या परतल्या तिनं विहाराच्या भोंग्यावरून सगळ्यांना सुनावलं. गोड नको, तळलेलं नको, भाज्या आणा. लुआंग फोंना तिनं नव्या संशोधनातली गोष्टही सांगितली, की आधी भाजी-मासळी खाल्ली आणि भात शेवटी, तर तेच जेवण असूनही साखर कमी चढते. गावानं माना डोलावल्या. चालणं बंद, म्हणून आता गावच ताटं घेऊन विहारात येई. दुसऱ्या दिवशी ताटांत काय? डुकराच्या पायाचा गोड रस्सा, नारळाच्या दुधातली केळी, साखरेच्या पाकातले अंड्याचे पिवळे थेंब, आणि वर डबाबंद गोड कॉफी.

"थोडं बाजूला सारत जा ना, लुआंग फो," ती हात जोडून म्हणाली.

"बाजूला कुणाचं सारू? ज्याच्या नावानं आणलंय तो उपाशी राहील गं," ते म्हणाले. भिक्खूंनी मागायचं नाही आणि दिलेलं नाकारायचं नाही. चाळीस घरची ताटं, म्हणून चाळीस घास ते न चुकता घेत.

विलाई तिथंच थबकली. खरंच की! इथं कुणी लुआंग फोंच्या आवडीचं रांधतच नव्हतं. जो तो आपल्या मेलेल्या माणसाच्या आवडीचं आणत होता, कारण इथं वाढलेलं तिकडं पोचतं. आणि ते अंड्याचे थेंब कुणाचे होते? तिचेच. तिच्या आईला फार आवडायचे. गावाला उपदेश करून ती स्वतः सवयीनं डबा भरून आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहाराच्या ओसरीवर तिच्या शेजारी थोंगबाय बसली होती. तिनं पुण्य पोचवायचं पाणी वाटीत ओतत हळूच म्हटलं, "सिंगखाम, जेवा हो पोटभर. तुमचा रस्सा आणलाय."

"थोंगबाय," विलाई म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा पाय कुठून कापला होता गं?"

"गुडघ्याखालून. म्हणजे? तूच तर इस्पितळात होतीस."

"कशापायी?"

"साखरेपायी. आज काय उलटतपासणी लावलीयस?"

"मग साखरेनं मेलेल्या माणसाला दोन वर्षं रोज हाच रस्सा पाठवतेस? तिकडं त्याचा दुसरा पाय कापायचाय का तुला? मेल्यावर तरी पथ्य पाळू दे की त्या गरिबाला! आणि मीही तसलीच. आई प्रेशरनं गेली, साखरही होती, अन् मी तिला पाक पाजतेय."

थोंगबाय ताडकन उठली. "माझ्या नवऱ्याचं ताट मोजणारी तू कोण?" असं म्हणून तिनं डबा उचलला आणि ती निघून गेली.

दोन दिवस ती फिरकलीच नाही. विलाईला रात्रीचा घास गोड लागेना. बाईचं दुःख आपण चारचौघांत उघडं केलं, हे तिला फार लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी थोंगबाय आली. केळीच्या पानात वाफवलेली मासळी, कडुनिंबाचा कोवळा पाला, कोवळ्या भोपळ्याचं पातळ कालवण. पाणी ओतताना ती मोठ्यानं म्हणाली, "सिंगखाम, आजपासून हेच. कुरकुर केलीत तर मी तिकडं येऊन भरवीन!"

ओसरी खदखदून हसली. लुआंग फोंच्या खांद्यांनाही हसू आवरेना.

मग काय, गावात चढाओढच लागली. कुणाचा सासरा जास्त पथ्याचा, कुणाची आजी गुणाची. "आमच्या बानं तर भातसुद्धा अर्ध्यावर आणला!" असं सांगणारेही निघाले. आणि मेलेल्यांसाठी चढवलेल्या त्याच भांड्यातलं घरचे जिवंत लोकही जेवत होते, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. विलाईनं मात्र मुद्दामच तोंड मिटून ठेवलं. पट्टी सोडली की जखम दर आठवड्याला थोडी आक्रसलेली दिसे.

वर्षावास संपायच्या आदल्या दिवशी ती लुआंग फोंबरोबर इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. सहा पूर्णांक नऊ! पट्टी सोडली, तर आत गुलाबी, कोरडी, मिटलेली कातडी.

"औषधानं एवढं होत नाही. काय केलंत तरी काय?" बाईंनी विचारलं.

"गावातल्या मेलेल्यांना पथ्यावर ठेवलं," विलाई म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली. गावच्या तपासणीतही सव्वीस जिवंत माणसांची साखर उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येताच लुआंग फो भिक्षेला निघाले. पायांत इस्पितळानं सक्तीनं दिलेले मऊ बूट होते; भिक्षेला एरवी अनवाणीच जायचं, पण आजाऱ्याला तेवढी मुभा असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव गुडघ्यांवर बसलं होतं. थोंगबायनं पात्रात भात घातला, मान वर न करता ती पावलं नीट पाहिली, आणि मग तिला राहवलं नाही.

"अहो सिंगखाम, बघताय ना?" ती भर रस्त्यात ओरडली. "दोन्ही पायांनी चालतायत!"