बुधवार होऊ द्या

बुधवार हा काय फुटबॉल खेळायचा वार हाये का, तुम्हीच सांगा. शाळा सुरू, हापिसं सुरू, दुकानं सुरू, अन् हे लोक दुपारीच शिट्टी वाजवून मोकळे. पंचायत समितीत कारकुनी करण्यात माही जिंदगी गेली, टाइमटेबल कशाले म्हणते ते मले समजते. पहिले हे सामने शनिवार-रविवारी राहायचे. मंग टीव्हीवाल्यांनी ते वार क्रिकेटले देऊन टाकले, अन् फुटबॉलच्या वाट्याले आला बुधवार. रविवारी खेळा, बुधवारी खेळा, पुन्हा रविवारी खेळा. अरे, माणसं हायेत का कोण हायेत!

मी कुंदा. दिग्रसले बसस्टँडच्या मागं आमचं घर, अन् भिंतीले भिंत लागून अय्यूबभाऊचं. अय्यूबभाऊ मोटारसायकलचे मिस्त्री. त्यांचा एकुलता एक पोट्टा अरसलान केरळातल्या एका क्लबकडून खेळते, पगारी खेळाडू हाये. फुटबॉल खेळाचा पगार भेटते हे ऐकून आमचे हे, नंदकिशोर, तोंड वासून पाह्यतच राह्यलते. लहानपणी हा पोट्टा बरोबर माह्या वाळवणातल्या कुरडयांवर बॉल मारायचा, अन् मी लाटणं घेऊन त्याच्या मागं धावायची. आता त्याचा मॅच मोबाइलवर लागला की आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज माहाच.

पहिले दोन मॅचच्या मधात आठवडा राहायचा. अरसलान विमानानं नागपूरले अन् तिथून एसटीनं घरी यायचा. आईच्या हातचं दाबून खायचा, बापाच्या दुकानात हात काळे करून घ्यायचा अन् जायचा. बुधवार आला अन् ते येणं खलास झालं. ईदले आलता, तेवढाच. मी कुरकुर केली की अय्यूबभाऊ म्हणत, "वहिनी, पोट्ट्याले झोपाले टाइम नाही, दिग्रसले कधी येईन?" असं म्हणून पाना खाली ठेवत अन् रस्त्याकडे पाह्यत बसत. दाखवत नव्हते, पण लय आठवण यायची त्याइले.

त्या घरात एक कायदा होता. मॅचच्या दिवशी घरून अरसलानले फोन करायचा नाही, जन्म असो का मरण. तोही त्या दिवशी करत नसे. हा कायदा कुठून आला तेही सांगते. काही वर्षाखाली त्याची दादी वारली, अन् नेमकं मॅचच्या सकाळी त्याले कळवलं. पोट्टा तशाच रडक्या डोळ्यांनी मैदानात उतरला अन् आपल्याच गोलात बॉल घालून बसला. त्या वेळच्या क्लबनं त्याले मोसम संपल्यावर नारळ दिला. मंग घरी येऊन वर्षभर बापाच्या दुकानात पंक्चर काढत बसला. धड जेवेना, कोणाशी बोलेना. त्या वर्षानं अय्यूबभाऊले असा धसका बसला का विचारू नका.

तर यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी अय्यूबभाऊच्या छातीत कळ आली. यवतमाळले दवाखान्यात भरती केलं. हार्ट कमजोर हाये, आराम पाह्यजे, असं डॉक्टर म्हणे. जुबैदा, म्हणजे त्यांची बायको, तिचा हात सारखा फोनकडे जाये अन् अय्यूबभाऊ तिले थांबवत. "बुधवार होऊ द्या. मॅच झाला की मीच सांगतो."

मंगळवारी संध्याकाळी मी डबा घेऊन गेलती, तेवढ्यात अरसलानचाच फोन आला. अय्यूबभाऊनं नाकातली नळी बाजूले केली अन् बायकोले इशारा केला. जुबैदानं माह्या डब्यातला चमचा उचलला अन् खाटेच्या लोखंडी दांडीवर ठण ठण मारू लागली. "हौ बेटा, दुकानातच हाये," अय्यूबभाऊ म्हणे, "गिऱ्हाईक उभं हाये. मंग बोलू." शेजारच्या खाटेवरचे पेशंट उठून पाह्यत राह्यले. मले हसू आलं अन् रागही आला. म्हटलं, "शोभते का या वयात?" तर धापा टाकत हसले. "उद्याचा बुधवार होऊ द्या, वहिनी, मंग कान धरून उठबशा काढाले लावा मले."

बुधवारी पहाटे अय्यूबभाऊ गेले.

दिवस वर येईपर्यंत मय्यत घरी आणली. अय्यूबभाऊचा लहान भाऊ जमीर डोळे पुसत जुबैदापुढं येऊन बसला. "भाभी, आता फोन केला तर अरसलान रात्रीपर्यंत पोचते. इशाच्या नमाजनंतर दफन करू. बापाले पोट्ट्याचा खांदा भेटला पाह्यजे."

"मॅचनंतर सांगा," जुबैदा म्हणे.

"मॅचनंतर सांगितलं तर उद्या दुपारशिवाय येत नाही तो. एवढा वेळ मय्यत ठेवता येत नाही, तुम्हाले माहीत हाये."

"मंग नका ठेवू. दुपारी जोहरच्या नमाजनंतर घेऊन जा."

माह्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "जुबैदा, डोकं ठिकाणावर हाये का तुह्यं? बाप हाये तो त्याचा! एक मॅच नाही खेळला तर काय आभाळ कोसळते का?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. सारी रात्र बसून डोळे सुजलेले, पण आवाज पक्का. "ताई, त्याचा करार मे महिन्यात संपते. दादीच्या टायमाले काय झालं ते तुम्ही पाह्यलं. त्याच्या अब्बाचं शेवटचं बोलणं हेच होतं, बुधवार होऊ द्या. मी माह्या मनानं काहीच करून नाही राह्यली." मंग ती आतल्या खोलीत गेली. जमीरनं हात टेकले अन् गल्लीतल्या पोट्ट्यांले ताकीद दिली, कोणी मोबाइलवर स्टेटस ठेवाचं नाही, अरसलानले कळलं तर पाहा.

थोड्या वेळानं अय्यूबभाऊचा फोन वाजला. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतच होता तो. मी काढून पाह्यला, तर अरसलान. जुबैदानं झडप घालून माह्या हातातून ओढला अन् तांदळाच्या डब्यात खुपसून वरून झाकण लावलं. वाजून वाजून बंद झाला. काही वेळानं पुन्हा वाजला. तांदळात तो फोन गुरगुर करे अन् आम्ही दोघी डब्याकडे पाह्यत उभ्या.

मी म्हटलं, "मॅचच्या दिवशी तो कधी फोन करत नाही. काहीतरी असंल. उचल."

"कोणी सांगितलं असंल त्याले. माह्या आवाजावरून समजते त्याले सगळं. नको ताई, हात जोडते."

माह्या पर्समध्ये माहा फोन होता, त्यात त्याचा नंबर होता. लय वाटलं, अंगणात जावं अन् लावावा. पण ती आई, अन् नवरा गेलेली बाई. मी तिच्यापेक्षा मोठी कोण लागून गेली? मी पर्स बंद केली अन् आतल्या आत चरफडत राह्यली.

जोहरनंतर जनाजा निघाला. आमच्या ह्यांनीही खांदा दिला. बाया घरीच राह्यल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत कलमा पढायचा आवाज येत होता, मंग तोही येईना. अय्यूबभाऊच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं अर्धं बंद होतं, रविवारी घाईत तसंच राह्यलं असंल.

चार वाजता जुबैदा माह्याजवळ सरकली. "ताई, मॅच लावा." एक म्हातारी पुटपुटली, आज कायले हे? तर जुबैदा कधी नाही ते कडाडली. "ज्याच्यासाठी केलं ते तर पाहू द्या मले!"

मी मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. खेळाडू रांगेनं मैदानात आले. अरसलानचा नंबर चौदा. मी पाह्यला, नाही दिसला. म्हटलं चष्म्याचा दोष असंल. बाहेर बाकावर बसलेले दाखवले, त्यातही नाही. जुबैदा पदरानं स्क्रीन पुसून पाहे. मंग तो बोलणारा माणूस सांगू लागला का तीन दिवसांत दुसरा मॅच हाये, म्हणून कोचनं चार खेळाडूंले आज आराम देला. त्यानं नावं घेतली. तिसरं नाव अरसलानचं होतं.

जुबैदाले समजलं का नाही कोण जाणे. ती मैदानाकडेच पाह्यत होती. तेवढ्यात स्क्रीनवरचा मॅच गेला अन् त्याच जागी अरसलानचं नाव आलं. आता माह्या फोनवर करून राह्यलता. मी उचलला.

"काकू, अब्बा सकाळपासून फोन नाही उचलून राह्यले! दुकानात लय गर्दी हाये का?" आवाज कसा मोकळा, हसरा. "मले आज आराम हाये. टीम दुसऱ्या गावाले गेली, मी होस्टेलातच. सकाळपासून रिकामा. म्हटलं, आज पह्यल्यांदा अब्बासोबत मॅच पाहू. ते दुकानात, मी इकडे, फोन चालू ठेवून. द्या ना त्याइले, सुरू झाला ना मॅच."

मी किती बडबडी हे साऱ्या गल्लीले माहीत हाये, पण त्या दिवशी मी फोन नुसता जुबैदापुढं धरला. जुबैदानं फोन हातात घेतला.

"सकाळपासून रिकामा होता, बेटा?"

"हौ अम्मी. काहून?"

तिनं डोळे मिटले. "अब्बा गेले, बेटा. पहाटे गेले. आत्ताच दफन करून आले सगळे."

तिकडे त्याच्या खोलीत मॅच सुरू होता, त्या बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेवढा येत राह्यला. जुबैदा फोन कानाले लावून बसली. मंग एकदम उठली, तांदळाचा डबा उघडला अन् दोन्ही हातांनी तांदूळ बाहेर फेकत तो फोन शोधू लागली. मी तिले कवेत धरली तेव्हा कुठं थांबली. असं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही, अन् देव करो पुन्हा ऐकू नये.

अरसलान दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बॅग घेऊन परस्पर कब्रस्तानात गेला. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राह्यला. तिले एका शब्दानं बोलला नाही. उलट तीच म्हणत होती, "बोल रे, शिव्या दे मले," तर तो तिचे पाय दाबत बसला.

संध्याकाळी आमच्याकडे आला. हे खुर्चीवर बसले होते, त्यांच्या पायापाशी खाली बसला.

"काका, तुम्ही खांदा देला ना?"

"देला बेटा."

"जड होते का अब्बा?"

ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही रे. लय हलके होते."

त्यानं मान हलवली, अन् किती तरी वेळ आपलाच खांदा दाबत बसला. मी चहा आणला, तो त्यानं घेतला नाही. जाताना दारात थांबला अन् हळू आवाजात म्हणे, "काकू, क्लबले फोन केलता मी काल. एका मिनिटात सुटी देली त्याइनं. कोच म्हणे, तू टीममध्ये असता अन् मॅचच्या आधी सांगितलं असतं, तरी त्याच घडीले विमानात बसवलं असतं तुले. बाप एकच राह्यते म्हणे."

मले भडभडून आलं. त्यानं माहा हात धरला.

"हे अम्मीले सांगू नका, काकू. तिले वाटू द्या, कालच्या नाही तर पुढच्या बुधवारासाठी तरी तिनं माही जागा वाचवली."

भिंतीपलीकडे जुबैदा सांडलेले तांदूळ निवडत बसली होती. मी हौ म्हटलं.