गुड्डी जेवेपर्यंत

धनंजय दिघोरीच्या फाट्यावर उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर एक पिशवी होती आणि हातात दुसरी. पाठीवरची त्याच्या कपड्यांची, हातातली गुड्डीची. चिप्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं, लाल सरबताची बाटली. हैदराबादेहून निघाल्यापासून ती पिशवी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

धानाचा रोवणा आटोपून तो तिकडच्या गोदामात कामाला गेला होता, तो धान घरात आल्यावर परतत होता. मधल्या सगळ्या दिवसांत बापलेकीची भेट व्हायची ती सेवकरामच्या दुकानात. संध्याकाळी गुड्डी आईचा फोन घेऊन तिथं जायची, बरण्यांकडे बोट दाखवायची, आणि धनंजय तिकडून फोनवरूनच सेवकरामला पैसे पाठवायचा. मग ती पायरीवर बसून खायची आणि तो फोनच्या पडद्यावर बघत राहायचा. लेकीला भरवल्याचं समाधान त्याला तेवढ्यातच मिळायचं. अलीकडे मात्र दुकानातून फोन येणं बंद झालं होतं. विचारलं की त्याची बायको तृप्ती म्हणायची, "नेटवर्क नसते."

घराच्या फाटकाशी येताच त्यानं हाक मारली. सहा वर्षांची गुड्डी धावत आली, पण अंगणाच्या मध्येच थांबली. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आजोबांच्या, सोमाजीच्या, धोतरामागं जाऊन उभी राहिली.

"लाजून राहिली," सोमाजी हसून म्हणाला. धनंजयही हसला, पण गाडीत बसून त्यानं शंभरदा रंगवलेली भेट ही नव्हती.

दिवेलागणीला तृप्तीनं ताटं वाढली. चौघांची एकदम. धनंजयला नवल वाटलं. या घरात म्हातारा चहात टोस्ट बुडवून लवकर आडवा व्हायचा आणि तृप्ती कामं उरकून चुलीशीच काहीतरी खाऊन घ्यायची. आज सगळे गोल करून बसले होते. भात, वरण, लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. सोमाजीला हिरवी भाजी जन्मात आवडली नव्हती. त्यानं तोंड वाकडं करत घास घेतला, आणि त्याचं तोंड बघून खुदकन हसत गुड्डीनंही घेतला.

धनंजयनं एक पाकीट फोडून तिच्या ताटाशी ठेवलं. तृप्तीनं ते उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

जेवणं झाल्यावर तो तिच्यामागं परसात गेला. "काहून उचललं? इतक्या दुरून आनलं मी तिच्यासाठी."

तृप्ती भांडी घासत होती. तिचे हात थांबले. "गुड्डी शाळेत पडली होती. प्रार्थनेत. चक्कर येऊन."

"कवा?"

"दिवाळीच्या आगंमागं. भंडाऱ्याले न्या लागलं. डॉक्टर म्हने, पोरीच्या अंगात रक्तच नाही. दिवसभर बिस्किटं अन् कुरकुरे, मंग जेवनाले भूक कुठून लागन? दोन दाढा बी सडल्या."

"अन् मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी तिथं दोन घास तरी खाल्ले असते का?" तिचा आवाज ओला झाला. "तुमच्या एकट्याची चूक नाही. सिस्टरनं मले इचारलं, घरचे सगळे संगं कवा जेवता? मले सांगताच नाही आलं. मी वावरातून थकून यावो, तिले बिस्किटाचा पुडा देवो अन् चहा. तवापासून बाबांनी बी टोस्ट सोडला. आपन खाल्लं तर पोट्टी खाते."

धनंजय भांड्यांशी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "तेवढंच होतं माह्याजवळ तिच्यासाठी."

तृप्तीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याची गालफडं आत गेली होती. "तुमी तरी काय खाता तिथं?" तिनं विचारलं. तो घासलेली भांडी उचलून आत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो गुड्डीला घेऊन धानाच्या बांधीवर गेला. शेताच्या कडेला, धुऱ्यावर, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा लगडल्या होत्या. सुरुवातीला ती चार हात दूर राहून तोडत होती. मग एक उंच वेल तिच्या हाताला येईना, तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले. त्यानं तिला उचललं. किती हलकी होती ती! घरी येऊन त्यानं शेंगा मीठ घालून उकडल्या आणि दोघं अंगणात सोलत बसली. गुड्डीनं एक गरम दाणा त्याच्या तोंडात घातला. जीभ भाजली म्हणून तो उगाच ओरडला, तर ती पोट धरून हसली.

"बाबा, तू तिथं कोनासंगं जेवतं?"

"एकटाच."

"मंग तुले भाजी कोन वाढते?"

त्यानं पुढची शेंग सोलायला घेतली.

त्याच संध्याकाळी तो सेवकरामकडे गेला. "गुड्डीले आता काही देऊ नोको. मी फोनवरून कितीबी म्हटलं तरी."

"तू म्हनशीनच कायले?" सेवकराम हसला.

"म्हनीन ना," धनंजय म्हणाला. "आठवन आली की म्हनीन. तू आयकू नोको."

पाकिटांचं काय करायचं, ते तृप्तीनं ठरवलं. कधीमधी एखादं देऊ, पण जेवणाच्या जागी नाही.

निघायच्या सकाळी गुड्डी शाळेआधी भात-वरण खात बसली होती. दाढांमुळे ती फार सावकाश चावायची. फाट्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. सोमाजी उठला, पिशवी धनंजयच्या खांद्याला लावू लागला. गुड्डी घास तसाच ठेवून उठणार, तोच धनंजयनं तिला खांद्याला धरून बसवलं.

"जेव तू. मी बसतो."

"गाडी जाईन ना बाबा!"

"जाऊ दे."

गाडी गेली. तिचा आवाज तलावाच्या पाळीपलीकडे विरला. मग तृप्तीनं त्याच्यापुढेही ताट मांडलं. दुपारच्या गाडीनं निघून उद्या या वेळी तो गोदामात असेल, आणि इथं गुड्डी त्याच्याशिवाय जेवत असेल. जेवेल मात्र. त्यानं लहान लहान घास घेतले, तिच्याहून सावकाश, आणि तिचं ताट रिकामं होताना पाहत राहिला.